हॅम रेडिओवरून बिटकॉइनचा व्यवहार पाठवावा का?

वाळपईकर
रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस कसा लागतो ते इथल्यांना सांगायला नको. गेल्या जुलैत आमच्या वाटेवरचा फणस तारांवर आडवा झाला आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी टॉवरच्या बॅटऱ्याही बसल्या. तीन दिवस फोन नाही, नेट नाही. माझा हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ, मात्र चालू होता. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, जुना लॅपटॉप आणि दोन माडांमध्ये नायलॉनच्या दोरीने ताणलेला वीस मीटर लांबीचा डायपोल, म्हणजे तारेचा ॲंटेना. पडद्यावर जेएस८कॉल या रेडिओवरून मजकूर पाठवणाऱ्या प्रोग्रामचा वॉटरफॉल, म्हणजे येणाऱ्या सिग्नलांचं चित्र, खाली सरकत होता आणि दर पंधरा सेकंदांनी कुणाच्या तरी वाक्याचा तुकडा उमटत होता. घरात कंदील, बाहेर धो धो पाऊस, आणि कुणीतरी अनोळखी माणूस आपल्याला सिग्नलचा रिपोर्ट देतोय. ती रात्र मी विसरणार नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. बिटकॉइनचा व्यवहार म्हणजे शेवटी सही केलेला मजकूर. एका ठिकाणचे पैसे घेऊन दोन पत्त्यांवर देणारा, सेगविट नावाच्या नव्या पद्धतीचा साधा व्यवहार २२२ बाइटच्या आसपास भरतो. तो नेटने गेला काय नि रेडिओने गेला काय, पलीकडे कुणी तो उतरवून नोडला, म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यातल्या संगणकाला, दिला की काम झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रॉडॉल्फो नोवाक आणि एलेन ऊ या बिटकॉइनवाल्यांनी टोरंटो ते सॅन फ्रान्सिस्को असा प्रयोग ४० मीटर या हॅमच्या लहरींच्या पट्ट्यावर, याच जेएस८कॉलवर केला होता. त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, एलेन ऊ आणि संगणकशास्त्रज्ञ निक झाबो यांनी क्षीण सिग्नलच्या रेडिओवरून बिटकॉइन चालवायची कल्पना मांडली होती.

माझ्याकडे हॅमचा जनरल ग्रेडचा परवाना आहे. विचारायचंय ते हे: आपल्याकडे हे चालतं का? आणि चालत असलं तरी करावं का? माझा कल 'करावं' कडे आहे. पण परवान्यासाठी मोर्स शिकायला वर्ष घातलंय, तो गमवायचा नाही.

चिरेखाण
रविवार, सकाळी ९.४२

करावंच! ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला तेव्हापासून या चलनाचं म्हणणंच हे आहे की मधे कुणाची परवानगी लागू नये. बँक बंद, नेट बंद, तरी माझा पैसा माझ्या सहीने हलला पाहिजे. रेडिओ हे त्याचं शेवटचं टोक. वाळपईकर, तुझा दुसरा खांब व्हायला मी तयार आहे. परवाना नाही, पण शिकेन.

माटोळी
रविवार, सकाळी १०.०५

वॉटरफॉल म्हटल्यावर मला आधी दूधसागरच आठवला :)
वाचतेय. विषय नवा आहे, जरा सोपं करून लिहा.

काणकोणचा काका
रविवार, दुपारी १२.३०

वाळपईकर, तुझा धागा वाचून बरं वाटलं. कंदिलाच्या उजेडात रेडिओ ऐकणारा मुलगा अजून गोव्यात आहे हे कळलं. आता जरा कडू सांगतो.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत हौशी रेडिओची व्याख्याच अशी आहे की रेडिओ तंत्राची आवड म्हणून, निव्वळ वैयक्तिक हेतूने आणि आर्थिक हितसंबंध न ठेवता केलेलं काम. याच एका अटीवर जगाने आपल्याला लहरींचे हे पट्टे फुकट दिलेत. त्याच नियमांचं २५ वं कलम सांगतं की वेगवेगळ्या देशांतल्या हौशी स्थानकांमधलं बोलणं अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करायचं नाही. तिऱ्हाइताचे निरोप परदेशी न्यायचे तर ते फक्त आणीबाणीत आणि आपत्तीत. आपले १९७८ चे नियमही याच धर्तीचे आहेत: साधी भाषा, तांत्रिक चाचण्या, वैयक्तिक गोष्टी.

मग तू पाठवणार तो व्यवहार काय आहे? पैसे. कमी असोत, जास्त असोत, पैसेच. तिकडे दोघांनी केलं ते त्यांनी त्यांच्या परवान्यावर, त्यांच्या देशांच्या नियमांत केलं. आपण आपल्या नियमांचं बघावं. चिरेखाण म्हणतो परवानगी लागू नये. हॅममध्ये परवानगी हाच पाया आहे, बाबा. परवान्याशिवाय माईकचं बटणसुद्धा दाबायचं नाही.

मी चाळीस मीटरवर किती वर्षं आहे ते आता मोजत नाही. २००५ च्या मे महिन्यात इस्रोने हॅमसॅट सोडला, त्यावरून आम्ही बोलायचो. २०१४ पर्यंत तो टिकला. सरकारने हौशी लोकांसाठी उपग्रह सोडावा एवढा विश्वास आपण कमावला होता. तो पैशाच्या व्यवहाराने घालवू नये, हे माझं ठाम मत.

खाजन
रविवार, दुपारी १.१५

काका, आर्थिक हितसंबंधाचा मुद्दा मान्य. पण 'सांकेतिक' या मुद्द्यावर थोडी असहमत आहे, कारण इथे लोकांची नेहमी गल्लत होते. (मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, परवाना अजून नाही.)

बिटकॉइनच्या व्यवहारात काहीच लपवलेलं नसतं. कुठून, कुठे, किती, सगळं उघडं. सही म्हणजे कुलूप नव्हे. सही म्हणजे पंचायतीच्या फलकावर लावलेल्या नोटिशीखालचा शिक्का. नोटीस सगळ्यांनी वाचायची, शिक्का सगळ्यांनी तपासायचा, पण तो मारणारा एकच. मधला माणूस तो व्यवहार अडवू शकतो, उशिरा देऊ शकतो. त्यातला एक आकडा जरी त्याने बदलला तरी सही जुळत नाही.

आणि हॅम लोकांना सही नवीन नाहीच. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या हॅमच्या ऑनलाइन नोंदवहीत २००३ पासून तुम्ही तुमच्या संपर्कांच्या नोंदी डिजिटल सही करूनच चढवता ना?

काणकोणचा काका
रविवार, दुपारी १.४०

चढवतो. पण ते नेटवरून. तरी नोटिशीचं उदाहरण पटलं. सहीला माझा विरोध नाही, पैशाला आहे.

साखळी ते शारजा
रविवार, दुपारी ३.२०

मी शारजाला असतो, घर साखळीत. माझ्या वॉलेटचे २४ शब्द माझ्याजवळच आहेत, माझं काही झालं तर घरच्यांना कळणार नाहीत. ते रेडिओवरून भावाला पाठवता येतील का? एखाद्या आडवेळी, कुणी ऐकत नसताना?

खाजन
रविवार, दुपारी ३.२४

नाही. नाही. नाही.

वाळपईकर
रविवार, दुपारी ३.५०

दादा, कृपा करून असं करू नका. आडवेळ असं रेडिओवर काही नसतं. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा ब्राझीलमध्ये दुपार असते. जगभर लोकांनी आपले रिसीव्हर नेटवर खुले ठेवलेत, कुणीही ब्राउझरमधून ऐकतो, नोंदवून ठेवतो. जेएस८कॉल तर समोर कुणी नसलं तरी आलेला प्रत्येक शब्द पडद्यावर उतरवतो. ते २४ शब्द म्हणजेच तुमचा पैसा. ते कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर कोरून, हाताने, चवथीला घरी याल तेव्हा द्या. आणि ते शब्द सांकेतिक करून पाठवायचा विचार असेल तर काकांनी सांगितलेलं कलम आडवं येतं.

साखळी ते शारजा
रविवार, संध्याकाळी ५.०१

समजलं. चवथीला येतोच आहे. उपकार झाले.

माटोळी
रविवार, संध्याकाळी ६.३०

मी करसल्लागार आहे म्हणून माझ्या बाजूचं सांगते. व्यवहार रेडिओने गेला म्हणून तो कराच्या नजरेतून सुटत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर अधिभार आणि उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं, तेव्हा बँकांची दारं उघडली, त्याचा अर्थ मोकळं रान असा लोकांनी घेतला. तसं नाही. कुणी कुणाला काय दिलं त्याची तारखेनिशी नोंद ठेवा.

आणि एक भाबडी शंका. एवढं सगळं करण्यापेक्षा सॅटेलाइट फोन का नाही घेत?

काणकोणचा काका
रविवार, रात्री ८.१०

माटोळी ताई, सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर उपग्रहावरून निरोप पाठवणारी उपकरणं घेऊन आलेले पर्यटक पकडले गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बिचाऱ्यांना आपण काही चूक करतोय हे ठाऊकही नसतं. परदेशी पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

बांबोळी पठार
रविवार, रात्री ९.२५

मला वाटतं प्रश्न चुकीच्या बँडवर विचारला जातोय. पैसे हलवायचे असतील तर हॅम नको, लोरा घ्या, म्हणजे थोड्या विजेवर लांब पोचणारा छोटा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. मेशटॅस्टिकची, म्हणजे लोरावरून निरोप एकमेकांना पुढे देणारी, छोटी उपकरणं यावर चालतात. त्यात निरोप सांकेतिक करायला आडकाठी नाही, आणि हौशी सेवेची 'आर्थिक हित नको' ही अटही नाही. घेताना एवढंच बघा की उपकरण या पट्ट्याचंच आहे आणि त्याला आपल्याकडची मान्यता आहे. अमेरिकेसाठी बनवलेलं ९१५ मेगाहर्ट्झवालं इथे चालत नाही.

गंमत म्हणजे मेशटॅस्टिकच्या एका पॅकेटात २३० बाइटच्या आसपास माल मावतो. वाळपईकरचा २२२ बाइटचा व्यवहार बायनरी स्वरूपात एका पॅकेटात जेमतेम बसतो! तोच जेएस८कॉलवर पाठवायचा तर दर पंधरा सेकंदांच्या चौकटीत ७२ बिट जातात. १७७६ बिट म्हणजे २५ चौकटी. कमीत कमी सहा मिनिटं, आणि हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइटला दोन अक्षरं अशा रीतीने, लिहिलं तर त्याहून बरीच जास्त. एपीआरएस या हॅमच्या दुसऱ्या निरोप-पद्धतीत एका संदेशात ६७ अक्षरं, म्हणजे ४४४ हेक्स अक्षरांचे सात तुकडे.

लोराची अडचण एकच, दृष्टिरेषा. डोंगर मधे आला की संपलं.

चिरेखाण
रविवार, रात्री ९.५८

हे मला माहीतच नव्हतं. मी ९१५ वालं मागवणार होतो, थांबलो.

डिचोलीचा पोदेर
रविवार, रात्री १०.१०

धागा जरा भरकटवतो. माझाही परवाना आहे. पावसात नेट गेलं की माझं जेएस८कॉल आंधळं होतं. सिग्नल कानाला ऐकू येतो, वॉटरफॉलवर दिसतो, पण एक अक्षर उमटत नाही. केबल बदलली, साउंड कार्ड बदललं. कुणाला असा अनुभव?

वाळपईकर
रविवार, रात्री १०.३१

लॅपटॉपचं घड्याळ! मला हे कळायला दोन रात्री लागल्या होत्या. एफटी८ ही हॅमची डिजिटल पद्धत आणि तिच्यातून निघालेलं जेएस८ हे दोन्ही घड्याळावर चालतात. सगळ्यांनी एकाच क्षणी सुरुवात करायची आणि एकाच क्षणी ऐकायचं. दोनेक सेकंदांचा फरक पडला की खेळ संपला. नेट असताना लॅपटॉप वेळ आपोआप जुळवतो, नेट गेलं की जुनं घड्याळ हळूहळू घसरतं. उपाय दोन. जीपीएसचा छोटा यूएसबी रिसीव्हर लावा, त्याला आकाश दिसलं की पुरे. किंवा जेएस८कॉलमध्येच वेळेची घसर दुरुस्त करायची सोय आहे, आलेल्या सिग्नलवरून ते स्वतःला जुळवून घेतं.

डिचोलीचा पोदेर
सोमवार, सकाळी ७.१५

तीन सेकंद मागे होतं. जुळवल्या जुळवल्या दोन स्टेशनं उमटली. देव बरें करूं!

काणकोणचा काका
सोमवार, सकाळी ८.००

पोदेर, परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की ॲंटेनाची केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

वाळपईकर, तुला एक प्रस्ताव. व्यवहार नको, पण सही केलेला साधा निरोप पाठव. मजकूर उघडा, सही उघडी, तपासायची रीत उघडी. आपत्तीत याचा खरा उपयोग आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे खोट्या निरोपांनीच जास्त घाबरवलं होतं. अमुक धरण फुटलं, तमुक पूल गेला. निरोप कुणाचा आहे ते तपासता आलं असतं तर? हा तांत्रिक प्रयोग म्हणून मला मान्य आहे. वाळपई ते काणकोण मधे सगळा डोंगर, सरळ रेषेत जाणारी व्हीएचएफ लहर पोचणार नाही, पण ४० मीटर दिवसा सहज पोचेल. डायपोल माडाच्या शेंड्याला नेऊ नकोस. पंधरा-वीस फुटांवरच ठेव, म्हणजे लहर सरळ वर जाऊन वरून पावसासारखी खाली पडते.

वाळपईकर
सोमवार, दुपारी १२.४५

काका, मी तयार. माझा जुन्या पद्धतीचा, १ ने सुरू होणारा पत्ता तुम्हाला कळवतो. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ प्रोग्राममध्ये निरोपावर सही होते ती अशाच पत्त्यावरून. त्या पत्त्यावर एक पैसाही नाही, आणि नसेल. जेएस८कॉलवर देवनागरी जात नाही, म्हणून निरोप रोमन लिपीतल्या मराठीत लिहीन.

वाळपईकर
बुधवार, दुपारी ४.२०

आज दहा वाजता प्रयत्न केला. निरोप पोचला, काकांकडे प्रत्येक अक्षर उतरलं, आणि सही जुळली नाही. तीनदा पाठवलं, तिन्ही वेळा नाही. मी इथे तपासली तर जुळते. काका म्हणाले, रस्त्यात काहीतरी बदलतंय. पण पडद्यावरची अक्षरं फोटो काढून ताडून पाहिली, तीच आहेत.

खाजन
बुधवार, दुपारी ४.५२

फोटोत अक्षरं मोठी आहेत की लहान?

वाळपईकर
बुधवार, दुपारी ४.५८

सगळी मोठी.

खाजन
बुधवार, संध्याकाळी ५.२०

मग सापडलं. जेएस८कॉल पाठवताना सगळी रोमन अक्षरं मोठी करतं. तुझी सही बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट अक्षरांत लिहायच्या एका रीतीत, आहे, ८८ अक्षरं, त्यात मोठ्या आणि लहान अक्षरांचा अर्थ वेगळा. तो रस्त्यात पुसला गेला. दुसरं, तू निरोप लहान अक्षरांत लिहून त्यावर सही केली असशील, तर काकांकडे पोचलेला मोठ्या अक्षरांतला निरोप सहीच्या दृष्टीने दुसराच निरोप आहे. म्हणजे एकाच वेळी दोन चुका.

निरोप आधीच मोठ्या अक्षरांत लिही, मग सही कर. सही हेक्समध्ये बदल: ६५ बाइट, १३० अक्षरं. काकांनी ती परत बेस६४ करून तपासायची. आणि एकदम पाठवू नकोस, २६ अक्षरांचे पाच तुकडे कर, प्रत्येकाला क्रमांक दे, म्हणजे एखादी चौकट हरवली तर तेवढाच तुकडा परत मागता येईल.

बेक३२, म्हणजे बिटकॉइनचे नव्या पद्धतीचे पत्ते करताना पीटर विले आणि ग्रेग मॅक्सवेल यांनी नेमका हाच विचार केला होता. त्या पत्त्यात मोठी-लहान अक्षरं मिसळत नाहीत, फसवी अक्षरं वगळलीत, आणि चार अक्षरांपर्यंतची चूक हमखास पकडली जाते. माणसाने फोनवर वाचून दाखवावा असा पत्ता. रेडिओलाही तोच चालतो. हे काम मला फार सुंदर वाटतं.

माटोळी
बुधवार, संध्याकाळी ६.१०

मला यातलं निम्मं कळलं, पण आता निकाल ऐकल्याशिवाय जात नाही.

काणकोणचा काका
रविवार, सकाळी ११.३०

नोंद वहीतून उतरवतो. रविवार, ०४:४० यूटीसी, म्हणजे आपले दहा वाजून दहा मिनिटं. ७.०७८ मेगाहर्ट्झ. तिकडून १० वॉट, सिग्नल उणे ९ डेसिबल. निरोप: 'वाळपई पाऊस थांबला रस्ता मोकळा'. तुकडा १, २, ३ स्वच्छ. चौथ्यात मध्येच सिग्नल बसला, एक चौकट गेली. परत मागितला, आला. पाचवा स्वच्छ. सगळं जोडलं, नातीने बेस६४ केलं, तपासणीची आज्ञा दिली. पडद्यावर 'ट्रू'.

मग मी मुद्दाम 'मोकळा' च्या जागी 'बंद' घालून बघितलं. लगेच 'फॉल्स'. नात म्हणाली, आजोबा, म्हणजे आता कुणी खोटं बोलू शकत नाही? मी म्हटलं, बोलू शकतो, पण वाळपईकराच्या नावावर नाही. ती आता बारा वर्षांची झाली, परीक्षेला बसायचं वय झालं. आज सरकारच्या सरल संचार या संकेतस्थळावर अर्ज बघून ठेवला.

वाळपईकर
रविवार, दुपारी १२.१५

काका, माझे हात अजून थरथरताहेत.

माझ्या मूळ प्रश्नाबद्दल माझं ठरलं. हॅमच्या बँडवर पैशाचा व्यवहार पाठवणार नाही. 'करावं' कडे माझा कल होता, तो गेला. मला व्यवहारातला पैसा प्यारा नव्हता, पैसा हलवणारी ती सही प्यारी होती, आणि ती हॅमवर पैशाविना चालते हे आज बघितलं. व्यवहाराचा प्रयोग लोरावर करू, टेस्टनेट या बिटकॉइनच्या चाचणीच्या जाळ्यावर, म्हणजे नाण्याला मोलच नाही. बांबोळी पठार, मदत कराल का?

चिरेखाण
रविवार, दुपारी १.०५

मी अजूनही काकांशी पूर्ण सहमत नाही. उद्या खरंच सगळं बंद पडलं तर नियम कोण बघत बसणार? पण परीक्षेचा अर्ज मीही भरतोय. काका, तुमच्या नातीबरोबर अभ्यास करू द्याल का?

काणकोणचा काका
रविवार, दुपारी १.२०

ये. मोर्स सकाळी सहाला असतो. उशीर चालत नाही.

बांबोळी पठार
रविवार, दुपारी २.४०

वाळपईकर, ८६६ मेगाहर्ट्झची दोन उपकरणं माझ्याकडे आहेत. पुढच्या रविवारी एक घेऊन चोर्ल्याच्या माथ्यावर जातो, दुसरं आधी तुझ्याकडे पोचवतो. तुझ्या छपरावरून घाटाचा माथा थेट दिसतो का ते सकाळी धुकं निवळल्यावर बघून कळव. मधे फांदी येत असेल तर उपकरण बांबूला बांधून वर काढू. माडावर नको, पावसात शेवाळाने खोड निसरडं असतं.